अखेरचा साठा कुणाचा होता?

बी.कॉम.ला आपण पाठ करतो की क्लोजिंग स्टॉक, म्हणजे वर्षाअखेर शिल्लक राहिलेला माल, ट्रेडिंग अकाउंटच्या (ढोबळ नफा काढायच्या खात्याच्या) जमेच्या बाजूला येतो. तो आकडा ठरवला कोणी, हे विचारायची वेळच येत नाही, प्रश्नातच तो छापलेला असतो. माझ्या मामांना बुडवणाऱ्याने नेमकी हीच जागा धरली.

मामा नुकतेच निवृत्त झाले होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखानदार घरी खेपा घालू लागला. "मालक, तुम्ही नुसतं बसून राहा की, निम्मा धंदा तुमचा." सोबत कागद होतेच. विक्री ५५ लाख. आरंभीचा साठा, सूत, मजुरी, वीज मिळून ६० लाख. अखेरचा साठा २२ लाख. म्हणजे विक्री आणि अखेरचा साठा मिळून ७७, त्यातून ६० गेले, ढोबळ नफा १७ लाख. भाडं, व्याज वगैरे ३ लाख काढले तरी निव्वळ १४ लाख! बेरीज-वजाबाकी अगदी चोख.

साठा बघायला त्याने मामांना गोडाऊनमध्येही नेलं. सुताची पोती, टॉवेलचे गठ्ठे छताला टेकलेले. माल खरा होता, फक्त त्याचा नव्हता. सोलापुरात बरेच माग जॉब वर्कवर चालतात. व्यापारी सूत देतो, मागवाला विणून देतो आणि मजुरी घेतो. सूतही व्यापाऱ्याचं, टॉवेलही त्याचेच. असा माल डिलिव्हरी चलनावर (मालासोबत येणाऱ्या पोचपावतीवर) येतो, खरेदीच्या बिलावर नाही. मामांचे पैसे पोचले आणि थोड्याच दिवसांत व्यापाऱ्याचा टेम्पो येऊन गोडाऊन मोकळं करून गेला. कारखान्याचा स्वतःचा माल निघाला सहाएक लाखांचा. आता २२ च्या जागी ६ घाला. ढोबळ नफा १ लाख, आणि खर्च जाता २ लाखांचा तोटा.

कागद माझ्या हातात आले ते नंतर. १७ लाख म्हणजे विक्रीच्या ३१ टक्के, आणि आदल्या वर्षी हेच प्रमाण जेमतेम ८ होतं. विक्री जवळपास तेवढीच, विजेचं बिलही तेवढंच. माग जास्त चालले नाहीत, भाव वाढले नाहीत, तर नफा आला कुठून? शिवाय करंट खात्यात चार पैसे टिकत नव्हते. असा कारखाना हातात असलेला माणूस निम्मा हिस्सा विकायला दारोदार का फिरेल, हा तर धंद्याचा पहिला प्रश्न. (खरं तर त्याला घाई होती. फुगवलेला साठा पुढच्या वर्षी आरंभीचा साठा होऊन खर्चात बसतो, म्हणून गिऱ्हाईक त्याच वर्षी गाठणं भाग होतं.)

कोणी भागीदारी देऊ करत असेल तर साठ्यातल्या मालाची खरेदीची बिलं मागा आणि ती जीएसटीआर-२बी शी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीशी) ताडून बघा. चलनावर आलेला माल बाजूला काढा. फर्म नोंदलेली आहे का, हेही विचारा. ही नव्हती. भागीदारी कायदा १९३२ च्या कलम ६९ मुळे नोंदणी नसलेल्या फर्ममधल्या भागीदाराला करारातल्या हक्कासाठी फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. फर्म विसर्जित करून हिशेब मागता येतो, तेवढंच. पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे ती वेगळी. हिशेबाचा दावाही लावलाय, पण वह्या त्याच्या अकाउंटंटकडे आहेत आणि तो म्हणतो, "आधी माझी फी द्या."