चेन बदलली म्हणाले, कव्हर उघडलंच नव्हतं

टायमिंग चेन, टेन्शनर, गाइड आणि मजुरी मिळून माझ्याकडून १७,४०० रुपये घेतले, आणि इंजिनाचं पुढचं कव्हर उघडलंसुद्धा नव्हतं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. पण ही युक्ती एकाच माणसाला सुचली असेल असं मला वाटत नाही. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जुनी डिझेल गाडी चालवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

गाडी सेकंडहँड, एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंगची. आपल्या भागात कोल्हापूर, गडहिंग्लजहून अशा गाड्या पुष्कळ येतात. सर्व्हिसची वही मात्र क्वचितच सोबत येते. इंजिन १.३ लिटर मल्टिजेट. डिझाइन मुळात फियाटचं, पण स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत तेच बसवलेलं आहे. टायमिंग म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ. तो राखायला यात बेल्ट नाही, चेन आहे. "चेन हाय, जन्मभर बघायला नको" हे गाडी विकणाऱ्यांचं ठरलेलं वाक्य. चेन सहसा तुटत नाही हे खरं, पण कड्यांच्या पिना झिजत जातात आणि चेन लांबते. तो ढिलेपणा काढायचं काम टेन्शनरचं. टेन्शनर म्हणजे छोटंसं सिलिंडर. इंजिन ऑइलच्या दाबाने त्याचा पिस्टन बाहेर सरकतो आणि गाइडला, म्हणजे चेनला टेकणाऱ्या पट्टीला, चेनवर दाबून धरतो. ऑइल वेळेवर बदललं नाही, पातळी खाली गेली, आत गाळ साचला, की टेन्शनरपर्यंत दाब पोचत नाही किंवा उशिरा पोचतो.

माझ्या गाडीत हेच होत होतं. रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद खडखड, मग सगळं शांत. गॅरेजवाल्याने कान लावून लगेच सांगितलं, "चेन गेलीय, टेन्शनर पण." निदान बरोबर होतं, हे इथे लक्षात घ्या. फसवणारा अडाणी नव्हता, काम जाणणारा होता, म्हणूनच त्याला आवाज कसा लपवायचा तेही ठाऊक होतं.

सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी परत मिळाली. आवाज गायब. एका पिशवीत काळवंडलेली चेन आणि झिजलेले गाइड घालून दिले, बिल दिलं. वर "साहेब, आता लाखभर किलोमीटर बघू नका" असा आशीर्वादही.

त्याने केलं होतं एवढंच: जुनं ऑइल काढून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरलं आणि त्यात घट्ट करणारं काहीतरी ओतलं. या इंजिनाला ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० हे पातळ ऑइल लागतं. जाड ऑइल टेन्शनरमधून लवकर ओघळत नाही, म्हणून ढिली चेन काही काळ गप्प बसते. मोडक्या खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठा सारल्यासारखं.

पावसाळाभर गाडी छान चालली. मग बेळगावची थंडी पडली. जाड ऑइल गारठ्यात आणखी जड होतं, वर चढायला वेळ घेतं, त्यामुळे खडखड परत आली आणि आधीपेक्षा लांबली. एका सकाळी इंजिन लाइट लागली आणि गाडी चालूच होईना. खानापूर रोडवरच्या एका वयस्कर मेकॅनिककडे ओढून नेली. स्कॅनर लावला तर कोड पी ००१६, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही. ढिल्या चेनने चक्राचा दात सोडला होता.

त्यांनी बॅटरी मारली आणि मला खाली वाकून बघायला लावलं. "ह्या बोल्टांना पाना लागल्यालाच नाही बघा. सीलंट पण कंपनीचं हाय तसंच हाय." नंतर माझी ती पिशवी उलटी केली. त्यातल्या गाइडची भोकं आमच्या इंजिनाच्या गाइडशी जुळतच नव्हती. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा भंगार माल मला जपून ठेवायला दिला होता! मेळ चुकल्याने पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले होते, त्यामुळे व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर तुटलेले, काही व्हॉल्व्ह वाकलेले. हेड उतरवावं लागलं, आणि तो खर्च पहिल्या बिलाच्या दुपटीहून जास्त झाला.

या कामाला क्रँक पुली काढावी लागते, इंजिनाला आधार देऊन माउंट सोडावं लागतं, ऑइल चेंबरलाही हात घालावा लागतो. नंतर सीलंट वाळायला वेळ द्यावा लागतो. गॅरेजमधल्या इतर गाड्या सांभाळून हे संध्याकाळपर्यंत उरकलं असं कुणी म्हणत असेल तर पैसे देण्याआधी कव्हर बघा. जुन्या कव्हरच्या कडेला नवं सीलंट बाहेर आलेलं दिसतं, बोल्टांच्या डोक्यावर पान्याच्या खुणा दिसतात. कव्हर उघडं असताना फोटो मागा, त्यात गाडीचा नंबर किंवा इंजिन नंबर आला पाहिजे. जुनी चेन नव्या चेनशेजारी टांगायला सांगा, लांबीतला फरक डोळ्याला दिसतो. आणि टेन्शनरची पिन मागा. नवे हायड्रॉलिक टेन्शनर बहुतेक वेळा पिन घालून दाबलेल्या स्थितीत येतात. बसवल्यावर ती पिन ओढून काढतात. नवा टेन्शनर बसवला असेल तर पिन हातात उरायलाच हवी.

बिलाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सीमाभागात हे सहज खपतं. माझ्या स्पेअर पार्टच्या बिलावर दुकानाचा पत्ता बेळगावचा होता, पण जीएसटी नंबर २७ ने सुरू होत होता. २७ म्हणजे महाराष्ट्र. कर्नाटकाचा आकडा २९. आपल्याकडे माल कोल्हापूरहून येतो, त्यामुळे २७ बघून कुणाला खटकत नाही. पण पत्ता इथला आणि नंबर तिकडचा हे जुळत नाही. जीएसटीच्या सरकारी साइटवर पंधरा अक्षरी नंबर टाकला की नोंदणी कुणाची ते फुकट दिसतं. माझ्या बिलावरचा नंबर टाकल्यावर भलत्याच धंद्याचं नाव आलं.

गॅरेजवाला आधी "तुम्हीच ऑइल कमी ठेवलं" म्हणाला. बोल्टांचे फोटो आणि जीएसटीचा स्क्रीनशॉट समोर ठेवल्यावर ८,००० रुपये देऊन मिटवायला तयार झाला. मी घेतले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे तिकडचेही कागद जमवतोय. दुसऱ्या मेकॅनिकनी काय सापडलं ते लेटरहेडवर सहीशिक्क्यासह लिहून दिलंय. मराठीत लिहिलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेणं तेवढं राहिलंय.