आयड्रॅक ९ ची व्हर्च्युअल मीडिया: चांगली आहे, पण आयएसओ कोण वाचतंय ते आधी बघा

आयड्रॅक म्हणजे डेल सर्व्हरमधला वेगळा छोटा कंट्रोलर, ज्यातून सर्व्हर दुरून हाताळता येतो. व्हर्च्युअल मीडिया म्हणजे आयएसओ (इन्स्टॉल डिस्कची एका फाइलमधली प्रत) नेटवर्कवरून सर्व्हरला जणू सीडी घातल्यासारखी दाखवण्याची सोय. डेल पॉवरएजच्या रॅक-टॉवर सर्व्हरवर ही सोय एंटरप्राइझ किंवा डेटासेंटर लायसन्सशिवाय मिळत नाही. खटकतं, पण सर्व्हर दुसऱ्या गावात असेल तर पर्याय नाही. सर्व्हरचा स्क्रीन थेट ब्राउझरमध्ये दाखवणाऱ्या एचटीएमएल५ कन्सोलमुळे जावाची जुनी कटकट मात्र संपली.

आयएसओ जोडायचे दोन रस्ते आहेत, आणि निम्म्या तक्रारी या दोघांची गल्लत झाल्यामुळे येतात. कन्सोलमधून ‘मॅप सीडी/डीव्हीडी’ केलं की फाइल तुमच्या लॅपटॉपवरून ब्राउझरमार्गे जाते. टॅब बंद झाला, लॅपटॉप झोपला की ड्राइव्ह गेली. शिवाय ५ जीबीची आयएसओ १० एमबीपीएस अपलोडवरून पूर्ण वाचायला नुसत्या गणितानेच तासाच्या वर लागतो. लेटन्सीचा (उत्तर येण्यातल्या विलंबाचा) फटका वेगळा, कारण सर्व्हर एकेक तुकडा मागतो आणि तो येईपर्यंत थांबतो. बाकीचं नेटवरून उतरवणाऱ्या छोट्या नेट-इन्स्टॉल आयएसओसाठी हे ठीक, विंडोज सर्व्हरसाठी नाही.

दुसरा रस्ता रिमोट फाइल शेअरचा, म्हणजे आयएसओ नेटवर्कवरच्या फाइल सर्व्हरवर ठेवून तिथून थेट वाचायची. लायसन्सचे पैसे इथे वसूल होतात. पण इथे शेअर उघडतो तो आयड्रॅक, तुम्ही नाही. लॅपटॉपवरून शेअर उघडला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. आयड्रॅक ज्या वेगळ्या नेटवर्कवर असतो त्या मॅनेजमेंट व्हीलॅनमधून फाइल सर्व्हरच्या ४४५ पोर्टवर जाता येतं का ते तपासा (हा विंडोज शेअरचा पोर्ट; लिनक्सवाला एनएफएस शेअर असेल तर २०४९). नावाऐवजी आयपी द्या, फाइलच्या नावात स्पेस नको, पासवर्डात चित्रविचित्र चिन्हं नकोत.

विंडोज सेटअप ‘मीडिया ड्रायव्हर नाही’ म्हणाला की लोक पर्कचा (डेलच्या रेड डिस्क कंट्रोलरचा) ड्रायव्हर शोधत बसतात. डिस्कची यादी येण्याआधीच हा संदेश आला तर बहुधा व्हर्च्युअल सीडीची जोडणीच तुटलेली किंवा आयएसओ खराब असते. शिफ्ट-एफ१० दाबा, डिस्कपार्ट उघडून ‘लिस्ट व्हॉल्यूम’ द्या. सीडी-रॉम दिसत नसेल तर अनमॅप करून पुन्हा मॅप करा. दिसत असेल तर आयएसओचा चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा) तपासा. यादी आली पण रिकामी, तरच पर्ककडे वळा.

आयड्रॅकच्या व्हर्च्युअल मीडिया सेटिंगमधला अटॅच मोड ‘ऑटो-अटॅच’ ठेवा. ‘अटॅच’वर ठेवलं तर काही मॅप नसतानाही ऑपरेटिंग सिस्टिमला रिकामी ड्राइव्ह दिसत राहते, ‘डिटॅच’वर मॅपिंग होतच नाही. बूट मेनूत ‘व्हर्च्युअल सीडी/डीव्हीडी/आयएसओ’ निवडलं तर ते पुढच्या एकाच बूटपुरतं असतं, त्यामुळे इन्स्टॉलनंतर सर्व्हर पुन्हा सेटअपमध्ये शिरत नाही.

जुनं सेशन अडकून ‘मीडिया वापरात आहे’ असं येत राहिलं, तर आयड्रॅक रीसेट करा. आयड्रॅकचं वेब पेज उघडतच नसेल तर जागेवरच्या माणसाला सर्व्हरच्या पुढच्या बाजूचं सिस्टिम आयडी बटण किमान १६ सेकंद दाबून धरायला सांगा. चालू सर्व्हरला त्याने धक्का लागत नाही; पॉवर बटण कोणतं ते मात्र त्याला आधी नीट समजावून ठेवा.