इंडक्शन बोल्ट हीटर: सात-आठ महिने वापरल्यानंतर

गंजून जाम झालेले नट सोडवायला हातात धरायचा इंडक्शन हीटर घेतला, त्याला आता सात-आठ महिने होतील. हजार वॅटचा आहे. आधीच सांगतो: नटासाठी झकास, बोल्टासाठी बेताचा. जाहिरातीत हा फरक कुणी सांगत नाही, आणि घेण्याआधी बघायचं तर नेमकं तेच.

हीटरची कॉइल (तारेचं वेटोळं) नटाभोवती बसते, पोलादात भोवरी प्रवाह (गोल फिरणारे विद्युत प्रवाह) खेळतात आणि उष्णता थेट नटातच तयार होते. आतला बोल्ट तोवर बराच थंड असतो. एम१२चा (१२ मिलिमीटर बोल्टाचा) नट बोल्टापेक्षा ३०० अंशांनी जास्त तापला, तर आतलं भोक साधारण ०.०४ मिलिमीटरनं वाढतं. आकडा किरकोळ दिसतो, पण गंजाची पकड मोडायला पुरतो. सायलेन्सरच्या फ्लँजचे नट, शेती अवजारांच्या फाळाच्या बोल्टांचे नट, जुन्या पंपाचे फाउंडेशन नट अशा ठिकाणी पान्याला पाइप लावून लटकायची वेळ जवळपास संपली. लाल थ्रेडलॉकर (आटे जखडणारा गोंद) लावलेले नटही २५० अंशांच्या पुढे गेले की लोण्यासारखे फिरतात, फक्त गरम असतानाच फिरवायला हवेत.

बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगमध्ये खोल रुतलेल्या बोल्टाचं गणित उलटं आहे. डोकं तापवलं की बोल्टच फुगतो आणि आणखी घट्ट बसतो. तिथे तापवायचं, थंड होऊ द्यायचं, मग पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं तेल) सोडायचं. असं दोन-चार वेळा केलं की फुगण्या-आकसण्यात गंज तडकतो. गरम धातूवर ऑइल मारू नका, पेट घेतं. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये अडकलेल्या बोल्टासाठी तर मी हा हीटर बाहेर काढतही नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरतं, त्यामुळे हीट गननं हाउसिंगच तापवणं शहाणपणाचं. खड्ड्यात बसलेल्या ॲलन बोल्टाला (डोक्यात षटकोनी खाच असलेल्या) कॉइल घालायला जागाच नसते, तो विषय तिथेच संपला. ३०४ प्रकारचं स्टेनलेस स्टील चुंबकीय नसल्यानं तापायला जास्त वेळ घेतं.

गॅस टॉर्चच्या तुलनेत ज्वाळा नाही, हे सुख मोठं. शेजारी वायरिंग किंवा रबरी बुश असेल तिथे टॉर्च धरायची हिंमत होत नाही, हे धरवतं. तरी तापलेला नट आपली उष्णता शेजाऱ्याला देतोच, त्यामुळे सील, बेअरिंग आणि इंधनाची नळी जवळ असेल तर काम थोडक्यात उरका. गॅल्व्हनाइज्ड नट लालबुंद केला तर जस्ताचा धूर निघतो, तो छातीत घ्यायचा नाही. पेसमेकर असलेल्या माणसानं हे यंत्र हातात धरू नये.

कुरबूर आहे ती कॉइलची. लाल झालेल्या नटाला टेकली की तिचं आवरण जळतं, आणि आवरण गेलं की कॉइल गेली. घेतानाच दोन-तीन मापांच्या जादा कॉइल घ्या, आणि वाकवता येणारी एक तरी असू द्या. सलग चालवलं की यंत्र तापून आपणहून बंद पडतं. घाईच्या कामात डोकं उठतं, पण तो दोष मानत नाही.

नटाच्या कडा आधीच गोल झाल्या असतील तर हीटर गंज सोडवेल, पकड देणार नाही. म्हणून बाराकोनी रिंग पाना सोडून सहाकोनी सॉकेट पहिल्यापासून वापरा. काही ठिकाणी शेवटी वर दुसरा नट वेल्ड करूनच सुटका होते, आणि वेल्डची उष्णता मदतीलाच येते.

८.८ किंवा १०.९ ग्रेडचा (जास्त मजबुतीचा) बोल्ट लाल झाला असेल तर तो भंगारात टाका, त्याचं टेंपर (उष्णता देऊन आणलेली मजबुती) उतरलेलं असतं. नवा बसवताना आट्यांना अँटी-सीझ (जाम होऊ न देणारं वंगण) लावा, मात्र मॅन्युअलमधला कोरड्या आट्यांचा टॉर्क (आवळण्याचा जोर) तसाच देऊ नका. घर्षण कमी झाल्यानं बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.