स्लोबॉर्न बघितली एकदाची! पहिले तीन एपिसोड दम धरा

2020 मध्ये ही जर्मन सिरीज आली तेव्हा मुद्दाम बघितली नाही, बातम्यांत पण साथ आणि टीव्हीवर पण साथ, कशाला म्हटलं. आता चार रात्रीत पहिल्या सीझनचे आठही एपिसोड संपवले आणि सकाळी डोळे चोळत ऑफिसला.

नॉर्थ सीमधलं छोटंसं काल्पनिक बेट, फेरीबोटीने येणाऱ्या टुरिस्टांच्या जिवावर चालणारं. काही शूटिंग नॉर्डर्नाय बेटावर झालंय, आणि आम्ही हॅम्बुर्गकर तिकडे जाऊन आलोय, त्यामुळे घरात नुसतं "अगं ते बघ, ते बघ" चाललेलं. तिथल्या बीचवर त्या वेताच्या टपवाल्या खुर्च्या असतात ना, नंबर टाकलेल्या, भाडं भरेपर्यंत समोर लाकडी जाळी लावून कुलूप घातलेल्या, तो सगळा निवांतपणा आठवला आणि मग सिरीजमध्ये पुढे जे होतं ते जास्तच टोचलं.

तर एक यॉट वाहत येऊन बेटाला लागते, आत नवरा-बायको मेलेले. गावातली पोरं काय करणार, गुपचूप चढतात वर. झालं. पण गंमत अशी की त्यानंतर बराच वेळ कुणालाच आजाराची पडलेली नाही, पंधरा वर्षांची एव्हलिन आपल्याच शिक्षकापासून प्रेग्नंट, तिच्या आईबाबांचं बिनसलेलं, वाचनाच्या कार्यक्रमाला आलेला लेखक कोकेनच्या धुंदीत, जो तो आपापल्या भानगडीत आणि मागे कुणीतरी खोकतंय. मला हेच सगळ्यात आवडलं. नवऱ्याला अजिबात नाही, तो तिसऱ्या एपिसोडला घोरायला लागला, आणि खरं सांगायचं तर थोडी काटछाट चालली असती, लेखकाचा ट्रॅक तर फारच ताणलाय.

मिलिटरी येते तिथून मात्र पापणी लवत नाही. हे सगळं कोविडच्या आधीच शूट झालेलं! आणि मार्च 2020 मध्ये खरोखरच इथल्या बेटांवरून टुरिस्टांना घरी पाठवलं होतं.

अलेक्झांडर शेअर त्या लेखकाच्या भूमिकेत भन्नाट, वोटान विल्के म्योरिंग एव्हलिनचा बाप म्हणून ठीकठाक. डबिंग नको, जर्मन ऑडिओ आणि सबटायटल लावा. आणि जेवताना बघू नका, आमचं वरण-भात तसंच राहिलं.