'नवे इंजेक्टर' म्हणून १,३७,५०० घेतले आणि ॲव्हरेज बुडवलं

सोलापुरातल्या गाडीमालकांनो, पंप-नोजलवाल्याच्या दारात गाडी लावण्याआधी हे वाचा.

माझी दहा टायर गाडी लिटरला ४.२ किलोमीटरचं ॲव्हरेज देत होती. चढाला ओढ कमी पडते म्हणून दाखवायला नेली. सहा नवे इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतात ते), १७,५०० ला एक, म्हणजे १,०५,०००. हाय प्रेशर पंपाचं काम २४,०००. मजुरी ८,५००. सगळे रोख, हातात कच्ची पावती. या लाइनीत पक्कं बिल मागितलं की भाव वाढतो, हे सगळ्यांना माहीत आहे. 'पिकअप वाढेल, ॲव्हरेजही वाढेल,' असं छातीठोक सांगितलं होतं. गाडी ३.१ वर आली. पुण्याला जाऊन-येऊन ५०० किलोमीटर धरा, खेपेला ४२ लिटर डिझेल जादा. हप्ता काही थांबत नाही.

परत गेलो तर म्हणतो, "मालक, ड्रायव्हर डिझेल विकत असेल." आमचा ड्रायव्हर वडिलांच्या वेळेपासूनचा. पैशापेक्षा या वाक्याचा राग जास्त आहे. तरी एअर फिल्टर बदलला, टायरची हवा पाहिली, एकाच पंपावर टाकी फुल करून हिशेब काढला. आकडा तोच. मोहोळच्या पुढे लोडवर आरशात काळा धूर, आणि डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायचं सोडून वर चढलेलं. बोटाला घेऊन वास घेतला, डिझेल!

पुण्यात दुसऱ्याने स्कॅनर लावला. ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, कोड जुन्याच इंजेक्टरचे. बसवलेले सहाही रिपेअर केलेले, लोकल नोजलचे, दोन तर रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत, धो धो डिझेल सोडत होते. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच पाइपातून सगळ्या इंजेक्टरना दाबाने डिझेल देणाऱ्या, बहुतेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड भरावा लागतो, नाहीतर डिझेलचं माप चुकतं.

आणि सोलापुरात ते बसवले ती वेळ! खोकी कोरी करकरीत समोर होती, पण इंजेक्टर आधीच काढून डिझेलच्या ट्रेमध्ये ठेवलेले. तोंडावरची प्लास्टिकची टोपणं कुठेच नाहीत. एकाच्या डोक्यावर, कोड असतो तिथेच, घासल्याची चकाकी. मी विचारलंही. "धुऊनच बसवतात मालक." यात कोणाला काय खोटं वाटणार? मार्केट यार्डातून कांदा भरायला फोनवर फोन येत होते. माझे जुने इंजेक्टर 'एक्स्चेंजमध्ये गेले' म्हणे. पुढच्या गिऱ्हाइकाला तेच नवे म्हणून गेले असणार. जुना माल कधीच सोडू नका.

चौकीत सांगितलं, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." म्हणजे चोराने पावती दिली की चोरी दिवाणी होते का? एका सरकारी खिडकीवर तर अर्ज न वाचताच, "ट्रक धंद्याचा, तुम्ही ग्राहकच नाही." उद्या या, साहेब मीटिंगमध्ये आहेत, झेरॉक्स आणा. प्रत्येक चकरेला गाडी उभी, भाडं बुडालं ते वेगळंच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे: फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. एकच गाडी, त्यावर घर. हे खिडकीतल्या माणसाला मी सांगायचं? तुम्हाला असं हाकललं तर नकार लेखी मागा. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवा, आणि ग्राहक आयोगाकडे जायला दोनच वर्षांची मुदत असते.

खोकं तुमच्यासमोर फोडायला लावा. कोडचा फोटो काढा. कोडिंग झाल्यावर स्कॅनरच्या पडद्याचाही काढा, आणि दोन्ही जुळल्याशिवाय एक रुपया देऊ नका.