आयुष्मान वय वंदना कार्ड: बाबांसाठी काढलं, काकांना मात्र नको म्हटलं

मी नागपूरचीच, सासर त्रिमूर्ती नगरात, आईबाबा नंदनवनला. भाऊ पुण्यात, त्यामुळे दवाखान्याचं सगळं माझ्याकडे. गेल्या नोव्हेंबरमध्ये बाबांच्या मेडिक्लेमचं रिन्यूअल आलं, ४८ हजार रुपये, कव्हर फक्त ३ लाख, वरून २० टक्के कोपे, म्हणजे बिलातला तेवढा वाटा आपल्या खिशातून. तेही सप्टेंबर २०२५ पासून हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकल्यावर. बाबा ७३ चे, शुगर आणि बीपी दोन्ही, एका खाजगी शाळेतून रिटायर झालेले, पेन्शन आहे पण मेडिकलची काही सोय नाही. तेव्हा पहिल्यांदा मी या वय वंदना कार्डाकडे नीट बघितलं. अनुभव सविस्तर लिहून राहिली आहे कारण आमच्या ओळखीत जवळजवळ प्रत्येक घरात हाच प्रश्न आहे की काढायचं का नाही.

आधी हे आहे काय ते सांगते. २९ ऑक्टोबर २०२४ ला, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, केंद्र सरकारने ७० आणि त्यावरच्या सगळ्यांसाठी हे सुरू केलं, उत्पन्नाची अट नाही, पिवळं केशरी कार्ड बघत नाहीत, बंगला आहे का भाड्याची खोली हेही विचारत नाहीत. वर्षाला ५ लाखांपर्यंत भरती होऊन केलेले उपचार कॅशलेस. हप्ता शून्य. आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर, वेटिंग पिरियडच नाही. ७३ व्या वर्षी शुगरवाल्या माणसाची नवीन खाजगी पॉलिसी काढायला गेलं तर आधी टेस्ट, मग जुन्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबा. ३ वर्षं थांबायला सांगायचं कोणाला, ७३ वर्षांच्या माणसाला?

बाबा तयार नव्हते. "सरकारी कार्ड आहे बाई, खाजगी दवाखान्यात कोण विचारते त्याले" हे त्यांचं पहिलं वाक्य. मी म्हटलं पैसे लागत नाहीत, पॉलिसी सोडायची गरज नाही (खाजगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येतं), मग काढून ठेवायला काय हरकत आहे. मग मानले.

काढायला फक्त आधार लागतं. आयुष्मान ॲपवर घरून होतं, पण आमचं नाही झालं कारण बाबांच्या आधारला लिंक असलेला नंबर कधीचा बंद पडलेला, ओटीपी जाणार कुठे. मग घराजवळच्या सेतू केंद्रावर घेऊन गेले तर तिथे बोटांचे ठसे लागेनात, या वयात रेषाच घासून गेलेल्या असतात, तीनदा चारदा मशीन पुसून केलं, बाबा बिचारे वैतागून उठायलाच निघाले. शेवटी तिथल्या मुलाने चेहरा स्कॅन करून केवायसी केलं आणि काम झालं. म्हणजे ठसे लागले नाहीत म्हणून परत येऊ नका, चेहऱ्याने करा असं सांगा. पण त्याच्या आधी आधारला चालू मोबाईल नंबर लिंक करून घ्या, तो नंतरही कामाला येतो.

आईचं मात्र नाही झालं आणि याचं मला खरंच वाईट वाटलं. आई खऱ्या वयाने ७० पूर्ण, पण शाळेत नाव घालताना तारीख पुढची लिहिली होती आणि आधारवर तीच आहे, त्याप्रमाणे ती ६७. इथे आधारवरचंच वय धरतात, दुसरं काही चालत नाही. तिच्यासाठी राशन कार्डवरची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, २०२४ च्या जुलैपासून तीही ५ लाखांची आणि शुभ्र कार्डवाल्यांनाही लागू झाली. मग लोक विचारतात की महाराष्ट्रात फुले योजना सगळ्यांना आहेच तर हे वेगळं कार्ड कशाला. त्याचं उत्तर असं की राशन कार्डवरचे ५ लाख अख्ख्या कुटुंबात वाटले जातात, सून आजारी पडली किंवा नातवाचं ऑपरेशन झालं तर त्यातूनच जातात, पण ७० च्या वरच्यांसाठी हे ५ लाख वेगळे राहतात, घरातल्या बाकी कोणाच्या आजारपणात ते खर्च होत नाहीत. हां, नवराबायको दोघेही ७० च्या वर असतील तर ५ लाख दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, आमची मावशी रायपूरला असते, बाबा तिच्याकडे महिना महिना राहतात, म्हणून ते मला महत्त्वाचं वाटलं.

आता काकांचं. माझे मोठे काका पोस्टातून रिटायर झालेले, ७८ चे, सीजीएचएस कार्ड आहे, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचारी आणि पेन्शनरांची आरोग्य योजना. बाबांचं काढलं म्हटल्यावर चुलत भाऊ म्हणाला की आमच्याही बाबांचं काढून दे. मी नियम वाचले आणि सरळ नाही म्हटलं. सीजीएचएस किंवा माजी सैनिकांचं ईसीएचएस असणाऱ्यांना दोन्ही ठेवता येत नाही, एकच निवडावं लागतं आणि ती निवड एकदाच करता येते. काकांना डिस्पेन्सरीतून दर महिन्याला बीपीची, थायरॉइडची, हृदयाची औषधं मिळतात. वय वंदनामध्ये ओपीडी नाही, रोजच्या गोळ्या नाहीत, भरती झालात तरच. शिवाय सीजीएचएसला ५ लाखांची मर्यादा नाही आणि वॉर्डही त्यांच्या पगाराच्या श्रेणीप्रमाणे मिळतो. काका म्हणाले, "मले दर महिन्याच्या गोळ्या कोण देईन मंग?" एवढाच हिशोब आहे आणि तो बरोबर आहे. सगळे काढून राहिले म्हणून आपणही काढायचं असं करू नका, सीजीएचएसवाल्यांनी तर अजिबात नाही.

कार्ड काढून महिना पण झाला नव्हता आणि डिसेंबरच्या शेवटी पहाटे बाबांना छातीत दुखायला लागलं. आईचा फोन आला तेव्हा मला काही सुचत नव्हतं. जवळच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं, त्याचं नाव योजनेच्या यादीत होतं हे मी आधी बघून ठेवलेलं. तिथे इसीजी काढला, गोळ्या दिल्या आणि मग काउंटरवर कळलं की ते यादीत आहेत पण हृदयासाठी नाहीत, हाडांसाठी आहेत. मला हे माहीतच नव्हतं की दवाखाना योजनेत विभागानुसार जोडलेला असतो. त्या पहाटे पाऊण तास गेला, दुसऱ्या ठिकाणी हलवेपर्यंत ॲम्ब्युलन्समध्ये बाबांचा हात धरून बसले होते आणि तो पाऊण तास मी विसरणार नाही. म्हणून कळकळीने सांगते, नुसती दवाखान्यांची यादी बघू नका, फोन करून विचारा की हृदयासाठी आहे का, किडनीसाठी आहे का, डायलिसिस होतं का, आणि आज विचारा, दुखायला लागल्यावर नाही.

दुसऱ्या ठिकाणी मात्र खूप चांगला अनुभव आला. प्रत्येक जोडलेल्या दवाखान्यात योजनेचा एक काउंटर असतो, तिथे आरोग्यमित्र बसतात, आमच्या वेळी एक ताई होत्या. त्यांनी कार्ड बघितलं, आधार घेतलं, मंजुरीसाठी कागद ऑनलाइन पाठवले, उपचार तोपर्यंत थांबवले नाहीत. अँजिओग्राफी झाली, एक ब्लॉकेज होतं, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. बिल आम्हाला भरावं लागलं नाही, ना डिपॉझिट, ना नंतर काही. जनरल वॉर्ड होता, सहा जण एका खोलीत, आईला रात्री झोपायला नुसती खुर्ची. बाबांना बाजूच्या पेशंटच्या खोकल्याने झोप नाही लागली. पण डॉक्टर तेच, स्टेंट टाकणारे हात तेच. डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं योजनेच्या नियमात आहेत, ती मिळाली. त्यानंतरच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या, दर महिन्याची तपासणी हे सगळं खिशातून, साधारण साडेतीन हजार महिना. हा खर्च कार्ड कधीच उचलणार नाही हे डोक्यात पक्कं ठेवा.

पॉलिसीचं काय केलं ते पण विचारतात लोक. नोव्हेंबरचा हप्ता भरून ठेवला होता आणि तो भरला याचं समाधान आहे. कारण बाबा ज्या किडनीच्या डॉक्टरांना दाखवतात त्यांचा दवाखाना योजनेत नाही. पुढच्या नोव्हेंबरला मी तोच प्रश्न पुन्हा विचारणार, की बाबा ज्या दोन दवाखान्यांत जातात ते जोडले गेले का, आणि त्यावर ठरवणार. ज्यांना वर्षाचे ४८ हजार जड जातात त्यांनी हप्त्यासाठी दागिने मोडू नयेत, कार्ड काढावं आणि वाचलेले पैसे औषधांसाठी बाजूला ठेवावे असं माझं प्रामाणिक मत आहे. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं तर आपल्या नागपुरात आहेतच, मिहानला एम्सही आहे. ज्यांच्याकडे पेन्शन नाही, पॉलिसी नाही, त्यांनी तर एक दिवसही थांबू नये.

मी ५ पैकी ४ देईन. एक कापला तो त्या पाऊण तासाचा, कारण कार्ड देताना कोणीतरी हे विभागाचं सांगायला हवं होतं.

शंका असेल तर १४५५५ ला फोन करा, टोल फ्री आहे, मला दुसऱ्या प्रयत्नात लागला आणि बोलणारा माणूस मराठीत नीट समजावत होता. आईच्या राशन कार्डचं केवायसी अजून बाकी आहे, या शनिवारी तिला घेऊन जाते.