बोटीच्या इंजिनाला पॅकिंग की सिलिकॉन? सांधा बघून ठरवा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. कोकणातल्या बऱ्याच ट्रॉलरांची इंजिनं याच काळात उघडली जातात, आणि प्रत्येक सांधा बंद करताना तोच प्रश्न येतो: तयार पॅकिंग (दोन भागांमध्ये गळती अडवायला घालायचा पातळ थर) घालायचं की ट्यूबमधलं सिलिकॉन? ट्यूब स्वस्त, कुठल्याही आकाराला चालते, म्हणून हात तिकडे जातो. पण आधी बघा, त्या सांध्यात पॅकिंगची जाडी काही काम करते का? करत असेल तर सिलिकॉन विसरा.

खाऱ्या पाण्याचा पंप घ्या. त्याच्या झाकणाखालचं कागदी पॅकिंग बहुतेक पाव मिलिमीटरच्या आसपास असतं. पाणी अडवणं हे त्याचं अर्धंच काम. इंपेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) आणि झाकण यांच्यात किती फट राहील हेही तेच ठरवतं. जाड पॅकिंग घातलं तर पंप पाणी नीट ओढत नाही आणि इंजिन तापतं. पॅकिंग काढून नुसतं सिलिकॉन लावलं तर इंपेलर झाकणावर घासतो. शिवाय इंपेलर भर समुद्रात बदलावा लागू शकतो. डोलत्या बोटीवर, गरम इंजिनाशेजारी जुनं सिलिकॉन खरवडायचं आणि नवं सुकायची वाट बघायची, हे कुणालाच परवडत नाही. इथे कागदी पॅकिंगच हवं, दोन्ही बाजूंना ग्रीसचा हलका हात देऊन. दोन जादा पॅकिंगं इंपेलरसोबत बोटीवरच ठेवा. झाकणाला ओ-रिंग (रबरी कडं) असेल तर तीच वापरा, सोबत काही लावू नका.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, त्याच्या पॅकिंगबद्दल वाद नको. नेहमी नवं, आणि कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर कोरडंच. हेड वाकलंय का ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा, बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कप्रमाणे (ठरलेल्या जोराने) आवळा. हेड वाकलेलं असताना सिलिकॉन भरलं तर ते ज्वलनाच्या दाबापुढे टिकत नाही.

एक्झॉस्टलाही धातूचं किंवा ग्रॅफाइटचं पॅकिंग. लाल रंगाचं ‘हाय टेम्परेचर’ सिलिकॉन साधारण ३०० अंशांपर्यंतच तग धरतं. भाराखाली मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग) त्याहून खूप तापतो. जिथे एक्झॉस्टमध्ये खारं पाणी सोडलेलं असतं, त्या एल्बोचं (वाकड्या पाइपाचं) पॅकिंग गळलं तर इंजिन बंद असताना पाणी मागे सिलिंडरपर्यंत उतरू शकतं.

डिझेलच्या सांध्यांना तांब्याचे वॉशर. सिलिकॉन डिझेलमध्ये फुगून मऊ पडतं, तुकडे सुटतात आणि इंजेक्टरचं, म्हणजे सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या भागाचं, नोझल चोंदतं. पाइपांचे जुने वॉशर लालबुंद तापवून पाण्यात टाकले की मऊ होऊन पुन्हा वापरता येतात. इंजेक्टरखालचा वॉशर मात्र नवा आणि त्याच जाडीचा घ्या.

सिलिकॉन खरं जिंकतं ते ऑइल चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला. कॉर्कचं पॅकिंग जास्त आवळलं की चेपून बाहेर येतं आणि काही महिन्यांत गळायला लागतं. बोटीत चेंबर काढायला खाली जागा नसते, कधी कधी अख्खं इंजिन उचलावं लागतं. त्यामुळे हे काम एकदाच, पण नीट करा. पत्र्याच्या कडेला बोल्टांपाशी खळगे पडले असतील तर आधी ठोकून सपाट करा. दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसा, कारण तेलाच्या पातळ थरावरही सिलिकॉन धरत नाही. मग ३ मिलिमीटरची एकसलग धार बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवा. जास्त लावलं तर आत गळलेला गोळा तेलाच्या जाळीत जाऊन अडकतो. हवेतल्या ओलाव्यानेच हे घट्ट होतं, म्हणून पावसाळ्यात साय लवकर धरते: पाच मिनिटांत भाग बसवून टाका आणि तेल भरायला पुढे २४ तास थांबा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ॲल्युमिनियम खातं. इंजिनासाठी न्यूट्रल प्रकारचंच मागा.

गिअरबॉक्ससारख्या, जिथे मुळातच पॅकिंग नसतं अशा मशीन केलेल्या दोन सपाट पृष्ठभागांना ॲनेरोबिक सीलंट बरं. ते हवा कोंडल्यावर धातूला लागूनच घट्ट होतं, आत सांडलेलं पातळच राहतं, आणि फट पाव मिलिमीटरपेक्षा मोठी नसावी.

एक सवय सोडा: कागद सांध्यावर ठेवून बॉलपीन हातोडीने कडेला ठोकत पॅकिंग कापणं. बिडाच्या भागाला ते चालतं. ॲल्युमिनियमची कड मात्र चेपते आणि मग कुठलंच पॅकिंग तिथे बसत नाही. कडेला तेलाचं बोट फिरवून कागदावर ठसा घ्या आणि कात्रीने कापा.